नणंदेच्या बाळाचा सेट आणि दवाखान्यातल्या बाळांच्या टोप्या: लोकर कुठली, टाके किती?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या भाषेत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नणंदेला ऑक्टोबरमध्ये बाळ होणार आहे, ती नागपूरला असते, तिला बाळंतविड्यात हाताने विणलेला सेट द्यायचाय, म्हणजे स्वेटर, टोपी, मोजे आणि जमलं तर ब्लँकेट. लॉकडाऊनमध्ये घेतलेली बरीच लोकर पेटीत पडून आहे, लेबलं केव्हाच गेली. त्यातूनच सरकारी दवाखान्यातल्या कमी वजनाच्या बाळांसाठी टोप्याही करायच्यात. सासूबाई म्हणतात बाळ व्हायच्या आधी काही विणायचं नसतं. आणि तुम्हाला हवंय ते उत्तर म्हणजे लोकर कुठली, टाके किती, क्रोशा घ्यावा की सुया.

टाके सांगते, पण खाली. कारण हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तुम्ही ते एकाच पेटीतल्या लोकरीने सोडवायला निघालाय, तिथेच गडबड होते. मी बरीच वर्षं विणकामाचे क्लास घेते आणि बाळाचं काही करायचं म्हणून कुणी आलं की पॅटर्न काढायच्या आधी मी एकच विचारते, हे धुणार कोण आणि कसं? हसतात बायका. पण मोठ्या माणसाचा स्वेटर हंगामातून एखाददोनदा धुतला जातो, बाळाच्या अंगावरचं जवळजवळ रोज धुवावं लागतं, दूध ओकतं, शी-शू होते, लाळ गळते. जे रोजच्या धुण्यात टिकत नाही ते कितीही सुंदर असलं तरी कपाटात जातं, आणि बाळाचा कपडा कपाटात दोन महिने राहिला की संपलाच, कारण बाळ तोवर त्यात मावत नाही.

आता नणंदेकडे बघा. बाळंतीण बाई रात्री तीनला बाळाचे कपडे वेगळे काढून थंड पाण्यात हलक्या हाताने धुणार आहे का? नाही. ती (किंवा तिची आई, किंवा कामाला येणाऱ्या मावशी) सगळं मशीनमध्ये टाकणार. खरी मेंढीची लोकर मशीनमध्ये गरम पाण्यात गेली की आटते आणि घट्ट होऊन बसते, ती परत सुटत नाही. म्हणून घरच्या बाळासाठीसुद्धा मी महागडी मेरिनो (मेंढीची मऊ लोकर) घ्या असं सांगत नाही. चांगली मऊ अ‍ॅक्रिलिक, वर्धमान, ओसवाल, गंगा यांची लुधियानाची जी बेबी यार्न म्हणून मिळते ती, पुरते. दुकानात तिला बेबी वूल म्हणतात पण लेबल वाचा, बहुतेक वेळा ती शंभर टक्के अ‍ॅक्रिलिकच असते, आणि त्यात वाईट काही नाही. फक्त अ‍ॅक्रिलिक घाम शोषत नाही, म्हणून आत सुती झबलं हवंच, नुसत्या अंगावर स्वेटर नको.

कॉटन कधी? मुंबई, कोकण, गोवा, जिथे थंडी म्हणजे पहाटेचा पंखा बंद करणं, तिथे कॉटनच. तिथल्या बाळाला अ‍ॅक्रिलिकचा स्वेटर म्हणजे घामोळ्यांना आमंत्रण. तुमच्या नागपूरचं तसं नाही, डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो आणि थंडी कोरडी असते, तिथे स्वेटर खरंच वापरला जाईल.

एक गोष्ट मात्र नणंदेच्या सासरी आणि माहेरी दोन्हीकडे आवर्जून सांगा. आपल्याकडे अजून बऱ्याच घरात बाळ-बाळंतिणीला शेक-शेगडी असते, बाळाला ओवा-वेखंडाची धुरी देतात. डॉक्टर धुराला नाहीच म्हणतात आणि माझंही तेच मत आहे, पण ज्या घरात ते होणारच आहे तिथे निदान त्या वेळी बाळाच्या आणि आईच्या अंगावरचं अ‍ॅक्रिलिक काढून ठेवा. ठिणगी पडली तर अ‍ॅक्रिलिक नुसतं जळत नाही, वितळतं आणि कातडीला चिकटतं. खरी लोकर लवकर पेटत नाही, विस्तवापासून बाजूला घेतली की सहसा विझते. हा फरक लेबलवर कुणी छापत नाही.

पेटीतली लोकर

लेबल नसलेल्या लोकरीची ओळख करायची सोपी पद्धत आहे. बोटभर दोरा तोडा, चिमट्यात धरा, सिंकवर नेऊन काडी लावा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरली गेली तर ती प्राण्याची लोकर. वितळून टोकाला काळा कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक किंवा तसलंच काही. कागदासारखं भुरकन पेटलं आणि मऊ करडी राख राहिली तर कॉटन. मिश्र लोकर असेल तर दोन्ही खुणा थोड्या थोड्या दिसतात, ती लोकर बाळाच्या टोपीला सरसकट चालते पण दवाखान्यात उकळत्या पाण्यात जाणार असेल तर नको.

मग मऊपणा. तळहातावर बघू नका, आपले तळहात भांडी घासून घासून निबर झालेले असतात. मानेला, कानामागे लोकर घासून बघा, मिनिटभर तशीच धरून ठेवा. तुम्हाला किंचितही टोचलं तर बाळाला नको. केसाळ लोकर, मोहेर टाइप, पापण्यांसारखे दोरे लोंबणारी फॅन्सी लोकर, चमकीची, जरीवाली, ही सगळी बाजूला काढा, तिचे तंतू सुटतात आणि बाळाच्या नाकातोंडात जातात. मखमली शेनील दिसायला गोड असते, तिचंही तेच, झडते.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुम्ही विचारलंच नाहीये. पेटीत डांबराच्या गोळ्या ठेवल्या होत्या का? ठेवल्या असतील तर ती लोकर नवजात बाळासाठी वापरू नका, धुऊनही नाही, उन्हात टाकूनही नाही. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच जीसिक्सपीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, घरात कुणाला माहितीही नसतं, आणि अशा बाळाला नॅफ्थलीनचा वास लागलेल्या कपड्यांत गुंडाळलं तर त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात आणि कावीळ एकदम चढू शकते. हे ऐकीव नाही, बालरोगतज्ज्ञांच्या पुस्तकात आहे, कुठल्याही डॉक्टरांना विचारा. आपल्या घरात तर आजीच्या ट्रंकेतली जुनी कुंची, जुना स्वेटर बाळाला पहिल्यांदा घालायची हौस असते आणि ती ट्रंक डांबरगोळ्यांनी घमघमत असते. गंमत म्हणजे अ‍ॅक्रिलिक आणि स्वच्छ कॉटनला कसर सहसा लागत नाही, ती मुख्यतः खऱ्या लोकरीला लागते, म्हणजे निम्म्या घरांत त्या गोळ्या उगाचच ठेवलेल्या असतात. तशी लोकर असेल तर स्वतःला शाल विणा, नवऱ्याला मफलर विणा, बाळाला नको.

नणंदेचा सेट

सासूबाईंचं आधी. काही घरांत बाळाच्या आधी काहीच आणत नाहीत, पहिले कपडे मुद्दाम दुसऱ्या धडधाकट बाळाचे जुने किंवा जुन्या मऊ सुती साडीचे घेतात. यात वाद घालण्यात अर्थ नाही आणि जुनं सुती नवजात कातडीला खरोखरच चांगलं असतं. तुम्ही विणा, तुमच्या घरी ठेवा, बारशाला द्या. सासूबाईंना दाखवायची गरज नाही, आणि दाखवलंत तरी सांगा की हे बारशाचं आहे.

आता साइज. इथे बहुतेक जणी चुकतात, "न्यू बॉर्न" लिहिलेला पॅटर्न घेतात. बाळ ऑक्टोबरमध्ये होणार, नागपूरला खरी थंडी डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे स्वेटर अंगावर येईल तेव्हा बाळ दोन ते चार महिन्यांचं असेल. पुढच्या थंडीला ते सव्वा वर्षाचं होऊन चालायला लागलेलं असेल, तेव्हा हा स्वेटर त्याच्या बाहुलीला होईल. तेव्हा तीन ते सहा महिन्यांचाच करा. बाळ मेमध्ये होणार असतं तर मी नऊ महिन्यांचा सांगितला असता. जन्माचा महिना आणि थंडीचा महिना यांच्यातलं अंतर मोजायचं, हा हिशोब पॅटर्नच्या पुस्तकात मिळत नाही कारण ती पुस्तकं बहुतेक थंड देशांची असतात, तिथे जूनमध्येही स्वेटर लागतो.

तीन महिन्यांच्या बाळाची छाती साधारण ४० सेंटिमीटर. स्वेटर गोलाईत ४८ ठेवा, आत झबलं असतं आणि हात वाकवून घालायचा असतो. उंची २४-२५, बाही १५, मनगटाची बॉर्डर जरा लांब विणून दुमडायची. पुढून पूर्ण उघडा. डोक्यातून घालायचा स्वेटर या वयाला नको, मान धरत नसते, डोकं मोठं असतं, आणि आईच वैतागते. गळ्यापासून खाली विणत जायचा रागलान (तिरक्या ओळींनी बाह्या आणि अंग एकसंध वाढवायचा स्वेटर) जमत असेल तर तोच करा, लांबी शेवटी ठरवता येते, खांद्याला शिवण येत नाही. लोकर १५० ग्रॅम धरा.

बटणं मोठी, सपाट, आणि मागून कापडाचा तुकडा घेऊन पक्की शिवलेली. मला टिचबटणं आवडतात, पण नुसत्या विणीवर लावलीत तर उघडताना वीण फाटते, त्याखाली फीत शिवावी लागते. मोती, टिकल्या, पॉमपॉम, नाड्यांना लावलेले गोंडे काही नको. मला माहितीये फोटोत छान दिसतात.

टोपी. तीन महिन्यांच्या बाळाचं डोकंही साधारण ४० सेंटिमीटर असतं, टोपी ३६-३७ ठेवायची, ताणून बसली तर टिकते, सैल असली तर डोळ्यांवर येते. आता टाके. मध्यम जाडीची लोकर आणि ८ नंबरच्या सुया, म्हणजे ४ मिलिमीटर, घेतल्या तर माझ्या हाताला १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके येतात. तुमचा हात घट्ट असेल तर २४ येतील, सैल असेल तर २०. म्हणून आधी तळहाताएवढा तुकडा विणून मोजा, त्याशिवाय माझे आकडे उचलू नका. २२ आले तर ८० टाके घाला, १० नंबरच्या, म्हणजे जरा बारीक सुयांवर तीन सेंटिमीटर दोन सुलट दोन उलट, मग ८ नंबरवर सुलट, एकूण उंची दहा-साडेदहा झाली की आठ भाग करून प्रत्येक भागात शेवटचे दोन टाके एकत्र, एक ओळ साधी, परत कमी, असं आठ टाके उरेपर्यंत. दोऱ्यात ओवून ओढून घ्या. टाके घालताना सैल घाला, नाहीतर बाळाच्या कपाळावर दोरीचा वळ उठतो.

मोजे टाच नसलेले, नळीसारखे. टाचेचे सुबक मोजे बाळाच्या पायात दहा मिनिटं राहत नाहीत. बारीक लोकर, ११ नंबरच्या सुया, नवजात पायाला ३२ टाके, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत दोन सुलट दोन उलट, १४ सेंटिमीटर झाले की दोन-दोन टाके एकत्र करत बंद. तीन महिन्यांच्या पायाला ३६ टाके आणि लांबी १६. बसतात, वाढतात, आणि कुठलाही मोजा कुठल्याही पायात जातो.

एक ताकीद. मोजे आणि हातमोजे उलटे करून आतून बघा. आत एकही सुटा दोरा लोंबता कामा नये. बाळाच्या बोटाला दोरा गुंडाळला गेला की रक्तपुरवठा थांबतो, बोट सुजतं, बाळ रडत राहतं आणि मोजा काढून बघायचं कुणाला सुचत नाही. म्हणून टोकं गाठ मारून कापायची नाहीत, सुईने एका दिशेला पाच-सहा सेंटिमीटर आणि परत उलट्या दिशेला ओवून मग कापायची. हातमोजे तर मी करतच नाही. नखं कापावीत हे सोपं.

ब्लँकेट. इथे क्रोशा चालतो. क्रोशाची वीण जाड, कमी ताणली जाणारी, लोकर सुयांपेक्षा बरीच जास्त खाते, त्यामुळे टोपी-मोजे-स्वेटरला मी सुयाच सांगते, पण ब्लँकेटला क्रोशा झपाझप होतो, एक टाका सुटला तर सगळं उसवत नाही, आणि मध्येच ठेवून पोळ्या करायला उठता येतं. ८० बाय ८० सेंटिमीटर पुरे, ४०० ग्रॅमच्या आसपास लोकर. फक्त वीण बंद हवी, मुका खांब किंवा अर्धा खांब, म्हणजे क्रोशाचे बुटके, दाट टाके. खांब आणि साखळ्यांची जाळी करू नका, बाळाची बोटं अडकतात. खरं सांगू का, जुन्या साडीची गोधडी कुठल्याही क्रोशाच्या ब्लँकेटपेक्षा सरस, मऊ असते, उकळता येते. पण तुम्हाला विणायचंच असेल तर आईच्या मांडीवर घ्यायला, बाहेर नेताना पांघरायला म्हणून द्या. झोपलेल्या बाळाजवळ सुटं पांघरूण ठेवू नये असं हल्ली बालरोगतज्ज्ञ सांगतात, वर्षाच्या आतल्या बाळाला ते तोंडावर ओढलं जायचा धोका असतो. टोपीचंही तसंच, निरोगी पूर्ण दिवसांचं बाळ उबदार खोलीत टोपी घालून झोपवलं तर अंग तापतं. बाहेर नेताना, आंघोळीनंतर, गारठा असेल तेव्हा टोपी. हे नणंदेच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवू दे.

गळ्यात बांधायच्या नाड्यांची कुंची करायची हौस असेल तर करा, बारशाच्या फोटोपुरती, बाळ मांडीवर असताना. झोपवताना काढायची. आणि ऑक्टोबरचं बाळ म्हणजे पहिली संक्रांत तीन महिन्यांतच येतेय, बोरन्हाणासाठी काळ्या कॉटनच्या दोऱ्याचं क्रोशाचं झबलं करता येईल, अंगरख्यासारखं बाजूला बांधायचं. हे मला स्वेटरपेक्षा जास्त आवडेल द्यायला. काळा रंग सुटतो का ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा, सुटत असेल तर तो दोरा परत करा.

दवाखान्यातली बाळं

इथे सगळं बदलतं. बाळ कोण, केवढं, आई कुठल्या गावची, धुणार कोण, काहीच ठाऊक नसतं. म्हणून पहिलं काम विणणं नाही, फोन. जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांचा वेगळा कक्ष असतो, एसएनसीयू म्हणतात, तिथल्या इनचार्ज सिस्टरांना भेटा किंवा फोन करा. विचारायचं एवढंच, विणलेलं घेता का, आत वापरता की डिस्चार्जच्या वेळी देता, कुठली साइज कमी पडते. काही ठिकाणी इन्फेक्शनच्या भीतीने बाहेरचं विणलेलं आत घेतच नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. घेत असतील आणि कपडे त्यांच्या लाँड्रीत जाणार असतील, ऑटोक्लेव्ह होणार (म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक होणार) असतील, तर फक्त कॉटन. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ डिग्री असतं, त्यात अ‍ॅक्रिलिक कायमचं लुळं पडतं, बॉर्डरचा ताणच जातो, आणि खरी लोकर आटून बाहुलीची टोपी होते. पण बहुतेक वेळा टोपी बाळाबरोबर घरीच जाते, आणि तिथे मला उलट अ‍ॅक्रिलिकच बरं वाटतं. आई नळावर गार पाण्यात धुणार, दोरीवर टाकणार, अ‍ॅक्रिलिक तासाभरात वाळायला येतं, कॉटन पावसाळ्यात दिवसभर ओलं राहतं, आणि ओली टोपी बाळाला टोपी नसण्यापेक्षा वाईट.

स्वेटर विणू नका इतकंच माझं मत. कारण सांगते. कमी वजनाच्या, म्हणजे अडीच किलोच्या आतल्या बाळाला ऊब टिकवता येत नाही, अंगावर चरबी नसते आणि शरीराच्या मानाने डोकं मोठं, तिथून उष्णता जाते. यावर जो उपाय आता सगळीकडे करतात तो कांगारू मदर केअर, १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटात इन्क्युबेटर (बाळाला ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या) पुरत नव्हते म्हणून तिथल्या डॉक्टरांनी सुरू केलेला. बाळाला आईच्या छातीवर, कातडीला कातडी लागेल असं उभं ठेवतात. अंगावर काय असतं? लंगोट, टोपी, मोजे. बस. स्वेटर असला तर काढावा लागतो. कावीळ झालेल्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, तिथे तर टोपीही नसते. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायचं जे काम केलं, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं, त्यातही बाळ उबदार ठेवणं हा एक मोठा भाग होता. आशाताई बाळंतपणानंतर घरी येऊन बाळाला बघतात ते याच वाटेने आलं. सांगायचा मुद्दा, टोपी आणि मोजे ही किरकोळ भेट नाही, पण ती योग्य मापाची असली तरच.

मापं अशी. पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं साधारण ३४ सेंटिमीटर, टोपी ३१, माझ्या वरच्या हिशोबाने ६८ टाके, उंची १३. बत्तीस आठवड्यांच्या आसपास जन्मलेल्याचं डोकं ३० च्या आत-बाहेर, ६० टाके, उंची साडेअकरा. अठ्ठावीस आठवड्यांचं २६ च्या आसपास, ५२ टाके, उंची १०. तिन्हींत कमी करायच्या पहिल्या ओळीत चार टाके आधी कमी करून घ्या म्हणजे आठाने बरोबर भाग जातो. ६८ ला साधारण साडेआठ सेंटिमीटरला कमी करायला लागा, ६० ला साडेसातला, ५२ ला साडेसहाला. एका टोपीला लोकर २५ ग्रॅमसुद्धा लागत नाही, म्हणजे पेटीतल्या उरलेल्या छोट्या गुंड्यांचं खरं सोनं इथेच होतं. मी करते ते मधल्या साइजच्या जास्त, कारण फार लहान टोप्या विणायला सगळ्यांना आवडतं (दिसतात इतक्या गोंडस) आणि सिस्टरांच्या कपाटात त्यांचाच ढीग असतो.

शिवण येणार असेल, म्हणजे दोन सुयांवर विणताय, तर ती सपाट शिवा आणि डोक्याच्या मागे येऊ द्या, किंवा सरळ बाहेरच्या बाजूला ठेवा. अशक्त बाळ तासन् तास एका अंगावर असतं, आतली जाड शिवण रुतते. नाडी नाही, बटण नाही, फूल नाही. पिवळा रंग टाळा, कावीळ बघताना पिवळ्या कपड्याच्या उजेडात बाळ उगाच पिवळं वाटतं. काळाही नको, स्वतःच्या घरच्या बोरन्हाणाला काळं चालतं पण अनोळखी बाळंतिणीच्या हातात पहिल्याच दिवसात काळी टोपी द्यायची नाही, तिला काय वाटेल ते आपण ठरवू शकत नाही.

ऑक्टोपस. तुम्ही विचारलं नाहीत पण कुणीतरी खाली विचारणारच. २०१३ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालं, मुदतीआधी झालेल्या बाळाजवळ क्रोशाचा ऑक्टोपस ठेवायचा, बाळ त्याचे पाय धरतं आणि नळ्या ओढत नाही असं म्हणतात. कल्पना गोड आहे. पण त्याचे नियम कडक आहेत, शंभर टक्के कॉटन, ६० डिग्रीला धुता येणारा, पाय ताणून २२ सेंटिमीटरच्या वर नाहीत, डोक्यातलं भरण बाहेर येणार नाही इतकी घट्ट वीण. आणि त्याने फायदा होतोच असं म्हणण्याइतका पुरावा नाही. तुमच्या दवाखान्याने स्वतःहून मागितला तर करा, आपण होऊन नेऊ नका.

देताना सगळं एकदा साध्या साबणाने धुवा, बिनवासाच्या, कंडिशनर नको, उन्हात वाळवा, इस्त्री अ‍ॅक्रिलिकवर अजिबात नको. घरात मांजर-कुत्रा असेल तर केस बघा. साइजप्रमाणे वेगळ्या पारदर्शक पिशव्या आणि वर कागदावर लिहा: डोक्याचं माप, कॉटन की अ‍ॅक्रिलिक, कसं धुवायचं. मराठीत लिहा, मोठ्या अक्षरात. टोपी आणि मोजे एकाच पिशवीत जोडी करून दिले तर सिस्टरांना वाटायला सोपं जातं.

आणि फोटो. ग्रुपमध्ये टाकायला टोप्यांचा काढा, आईला टोपी देतानाचा काढू नका. बाई टाके घातलेल्या पोटाने बसलेली असते, बाळ आत काचेत असतं, आणि आपण पंचवीस ग्रॅम लोकर दिलेली असते. अनाथ बाळांच्या शिशुगृहात देणार असाल तर तिथल्या मुलांचे फोटो पसरवायला कायद्यानेच बंदी आहे.

थोडक्यात क्रम असा लावा. आज दोरा जाळून लोकर ओळखा आणि डांबरगोळ्यांची भानगड सासूबाईंना विचारा. या आठवड्यात दवाखान्यात फोन. नणंदेसाठी नवीन लोकर आणा, १५० ग्रॅम स्वेटरला आणि टोपी-मोज्यांना आणखी ५०, एकाच लॉट नंबरची, नाहीतर बाही आणि पाठ वेगळ्या रंगाची दिसते. पेटीतली जुनी लोकर टोप्यांना. ब्लँकेट शेवटी, वेळ उरला तरच, आणि उरत नाही असा अनुभव आहे.

क्रोशाच येत असेल आणि सुया अजून हातात बसत नसतील तरी टोप्या करता येतील, अर्ध्या खांबाच्या, ४ मिलिमीटरच्या क्रोशाच्या सुईने, डोक्याच्या मापापेक्षा दीड-दोन सेंटिमीटरच कमी ठेवायच्या कारण क्रोशा सुयांच्या विणीइतका ताणला जात नाही, आणि कडेला मागच्या धाग्यात विणलेल्या आडव्या पट्टीची बॉर्डर लावली तर थोडा ताण येतो. तुमच्या हाताला १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात आणि पेटीत कुठल्या जाडीची लोकर निघते ते इथे लिहा, त्याप्रमाणे तिन्ही टोप्यांचे टाके काढून देते.